‘ताई, राग मानू नका, पण…’ लिहिणाऱ्या वाचकास

मिस्सेतली रोजची वाचनं, म्हणजे त्या-त्या दिवसाला नेमलेले बायबलचे उतारे, आणि चिंतन यांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘ताई, राग मानू नका, पण’ अशी तुमची सुरुवात आहे, आणि पुढचं सगळं राग यावा असंच लिहिलेलं आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की रोज मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणं, दिवसाची वाचनं वाचणं, त्यावर चिंतन लिहिणं हा सगळा दिखावा आहे. येशूने खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलं होतं, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून नव्हे. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या लोकांमध्ये, चिंतनं लिहिणाऱ्यांचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास नसतो. शास्त्रातलं गोड तेवढंच आम्ही वेचतो. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: ‘रोज तेच तेच म्हणणारा देवाशी बोलत नसतो, स्वतःच्या सवयीशी बोलत असतो.’

आधी त्या पुढच्या बाकाचं. मी कुठे बसते हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी त्यावरून माझी श्रद्धा मोजायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. माझं सोडा. घरातलं आवरून, आजारी माणसाला औषध देऊन, जेमतेम अर्ध्या तासासाठी धावत येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं पाहते आहे. त्यांची पाठ तेवढी बघून त्यांच्या मनात काय चाललंय हे तुम्ही ठरवून टाकलंत. टीका करा, माझी ना नाही. पण कुणाच्या प्रार्थनेला दिखावा म्हणायचं असेल तर खाली स्वतःचं नाव तरी लिहावं. तुम्ही तेही लिहिलेलं नाही.

आता ते वाक्य. ते मला लागलं, हे लपवत नाही.

गेथशेमानेच्या बागेत येशू तीनदा प्रार्थना करतो. तिसऱ्यांदा त्याने काय म्हटलं ते मत्तय २६:४४ मध्ये वाचा. पुन्हा तेच शब्द बोलून त्याने प्रार्थना केली, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. मार्कानेही १४:३९ मध्ये, दुसऱ्या खेपेबद्दल, हेच नोंदवलंय. अटक तोंडावर आलेली, शिष्य झोपलेले, आणि त्या घटकेला देवाच्या पुत्राला नवे शब्द शोधावेसे वाटले नाहीत. तो सवयीशी बोलत होता का? तुम्हीच सांगा. दुसऱ्या दिवशी क्रुसावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ असा आक्रोश त्याने केला, तो बायबलमधल्या २२व्या स्तोत्राचा. लूकने दिलेले अखेरचे शब्द ३१व्या स्तोत्रातले. शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठ होता, हे लूकच चौथ्या अध्यायात सांगतो. जी स्तोत्रं त्याच्या लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होती, तीच मरताना त्याच्या तोंडी आली. १३६व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि देवाची दया सर्वकाळ टिकते हे पालुपद त्या प्रत्येक वचनाला आहे. तुमच्या हिशेबाने त्यातली २५ वायाच गेली म्हणायची.

तुम्ही मत्तय ६ चा दाखला दिलात, पण दार लावून घेण्याच्या वचनावर थांबलात. पुढे व्यर्थ बडबडीबद्दल बजावून झाल्यावर येशू लगेच काय करतो? म्हणायला ठरलेली प्रार्थना देतो. अगदी आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीसाठी लिहिलेल्या ‘डिडाखे’ या छोट्या पुस्तिकेत तीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा, असं सांगितलंय. त्या लोकांना येशूचं म्हणणं कळलं नव्हतं आणि तुम्हाला कळलं, असं मी धरून चालू का?

शिवाय ‘तेच तेच’ हे मुळातच खरं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, १९६३ साली उपासनेवरच्या दस्तऐवजात शास्त्राचं भांडार लोकांसाठी अधिक खुलं करायला सांगितलं. त्यातून १९६९ साली वाचनांचा नवा क्रम आला. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात. सामान्य काळात, म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षात, इतर वारांचं पहिलं वाचन दोन वर्षांनी परत येतं, शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. या क्रमातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की आज काय वाचायचं हे ना फादर ठरवतात, ना मी. माझ्या मनःस्थितीला तिथे कुणी विचारत नाही.

याचा अर्थ काय होतो ते माझ्याच आयुष्यातून सांगते, कारण तुम्ही माझ्याच आयुष्यावर बोट ठेवलंय. वडिलांच्या मागे घराच्या वाटणीवरून भाऊ आणि मी एकमेकांशी बोलायचे थांबलो. त्याने जे केलं ते अन्यायाचं होतं, असं मी आजही म्हणते. त्या जानेवारीत, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणानंतरच्या गुरुवारी, वाचनाची पाळी माझी होती. मन इतकं विटलेलं होतं की घरीच बसले असते. पाळी आहे म्हणून गेले, म्हणजे तुम्ही ज्या सवयीला नावं ठेवता तिनेच मला उठवून नेलं. वाचन योहानाच्या पहिल्या पत्रातलं होतं. डोळ्यांसमोरच्या भावावर प्रीती न करणाऱ्याने न दिसणाऱ्या देवावर प्रीती करतो म्हणू नये, तो लबाड आहे. हे मला सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचावं लागलं. भाऊ तिथे नव्हता. पण आमचं काय चाललंय हे समोर बसलेल्या निम्म्या माणसांना माहीत होतं.

दार लावून खोलीत बसले असते तर त्या दिवशी मी ते पान उघडलं नसतं. माझा कैवार घेणारं एखादं स्तोत्र शोधलं असतं, आणि स्तोत्रांमध्ये तशी पुष्कळ आहेत. त्या सकाळी लगेच काही पालटलं नाही. पुढे कित्येक महिने तो उतारा मनात टोचत राहिला आणि शेवटी मी भावाला फोन केला. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण आम्ही बोलतो. एकट्याने केलेल्या, मनाला येईल तेव्हाच्या प्रार्थनेतून तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. माझ्या बाबतीत ते सवयीतून घडलं.

तुमचं एक म्हणणं मान्य करते. मजकुरावर आधी एकदाही नजर न टाकता वाचनाला उभे राहणारे आहेत, आणि आयतं आलेलं चिंतन फोनवरून पुढे ढकलून सकाळचं कर्तव्य आटोपलं असं समजणारेही आहेत. हे व्हायला नको. पण म्हणून वाचनच बंद करायचं?

अभ्यासाच्या मुद्द्यात काही दम नाही. बिरुया नगराचे लोक रोज शास्त्र तपासून पाहत होते म्हणून प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांची वाखाणणी आहे. त्यांच्याकडे पदव्या होत्या असं कुठे लिहिलेलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्याच १९६५ सालच्या दैवी प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजाने सगळ्या श्रद्धावंतांना शास्त्र वरचेवर वाचा आणि वाचनाला प्रार्थनेची जोड द्या, असं सांगितलंय. सगळ्या म्हणजे मीही त्यात आले.

राहिलं गोड तेवढं वेचण्याचं. योहानाचा तो उतारा गोड आहे असं तुम्हाला वाटत असेल तर प्रश्नच मिटला. पण नुसत्या आरोपाऐवजी तुम्ही जरा शोधलं असतं तर तुमच्या बाजूचा खरा पुरावा तुम्हाला सापडला असता, तो मीच देते. १९७० साली मंजूर झालेल्या प्रहरांच्या प्रार्थनेत, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या चर्चच्या प्रार्थनेत, चार आठवड्यांत स्तोत्रं म्हटली जातात, पण ५८, ८३ आणि १०९ ही तीन त्यातून वगळली आहेत, शत्रूला दिलेल्या शापांमुळे. संत बेनेडिक्टने मठातल्या लोकांसाठी घालून दिलेल्या नियमात आठवड्याला सगळीच्या सगळी १५० म्हणायची असत. ती तीन वगळायला नको होती असं माझं मत आहे. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याने आपला संताप देवासमोर नाही मांडायचा तर कुठे मांडायचा? ८८वं स्तोत्र काळोखात संपतं, दिलाशाचा एक शब्द न देता, आणि ते आपण अजूनही म्हणतो. मग १०९वं म्हणायला काय हरकत होती?

पुढचा लेख मी त्या तीन स्तोत्रांवरच लिहिणार आहे. त्यावर वाद घालायचा असेल तर अवश्य या, नावानिशी या. मी कुठल्या बाकावर बसते यावर पुन्हा लिहिणार असाल, तर तिथे माझं उत्तर येणार नाही.