आई आहे ना घरी, मग नर्स कशाला?

फॅमिली ग्रुपवर परवा मी सहज लिहिलं की इंग्लंडमध्ये लर्निंग डिसॅबिलिटीसाठी नर्सिंगची वेगळी डिग्रीच असते, मी त्याच टीममध्ये आहे आणि आम्ही लोकांच्या घरी जातो. लगेच काकांचा मेसेज, "तुमच्याकडे माणसं नाहीत म्हणून नर्स लागतात. आमच्याकडे आई आहे ना घरी." खाली सात अंगठे. रात्रभर डोक्यातून जाईना.

तिकडे भारतात लर्निंग डिसॅबिलिटी म्हटलं की डिसलेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण समजतात, इथे इंग्लंडमध्ये म्हणजे ज्यांना आपण मतिमंद म्हणून मोकळे होतो ते. आणि आईची जागा घ्यायला कोणी जात नाही हो. एका गृहस्थांचं रक्त घ्यायचं होतं, सुई दिसली की ते घराबाहेर पळायचे. सहा आठवडे मी नुसती जात होते, आधी फक्त बॅग दाखवायची, मग दंडाला पट्टा बांधून सोडायचा, मग बधिर करायचं क्रीम, आणि सातव्या खेपेला त्यांच्याच खुर्चीत रक्त मिळालं, थायरॉइड निघाला. कोणी अचानक मारायला लागलं तर आम्ही आधी दात, कान, पोट बघतो, कारण बोलता येत नसेल तर दुखणं हातापायांतूनच बाहेर पडतं, आणि साधी बद्धकोष्ठतासुद्धा जीव घेते. वयाच्या 14 व्या वर्षापासून पुढे जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, दरवर्षी तपासणी असते. तरी इथेही ही माणसं इतरांपेक्षा साधारण 20 वर्षं आधी जातात, नर्सही कमीच आहेत, मान्य.

पण आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मोजलेत, अशा माणसांसाठी निरामय हा आरोग्य विमा आहे 1 लाखाचा, मग दारात येणारं माणूस कुठंय?

हे काकांना लिहिलं नाही. ते ज्या आईबद्दल बोलतात ती माझीच आई. माझा भाऊ डोकं आपटायचा म्हणून त्याला झोपेचं औषध चालू केलेलं, वर्षभराने कळलं दाढ किडली होती, मी तेव्हा इथे हेच शिकत होते. आई आता 70 ची, पाठ गेलीय, आंघोळ तीच घालते त्याला, आणि मी परक्यांच्या घरी बॅग दाखवत बसते.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला म्हटलं, त्याला आ करायला लाव, दाढा बघू दे मला. त्याने स्क्रीनला गाल लावला. आई म्हणाली, "अगं भावजींनीच नेलं होतं गेल्या महिन्यात डेंटिस्टकडे. दोन तास हात धरून बसले होते त्याचा."