‘रक्त थांबलं की गोळ्या बंद’ हा सल्ला पाळू नका

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारावरचा एक संदेश सध्या गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत मोबाइलवर फिरतोय. हा आजार म्हणजे पोटातली उष्णता, कुड्याच्या सालीचा काढा आणि सोलकढी घ्या, शौचातून पडणारं रक्त थांबलं की इंग्रजी गोळ्या बंद करा, त्या किडनी खराब करतात, असं त्यात म्हटलंय.

हा आजार उष्णतेनं होत नाही. यात रोगप्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते आणि तिथे सूज येते. दुर्बिणीतून निरोगी अस्तरावर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. इथे ती दिसेनाशी होते आणि नळी नुसती टेकली तरी रक्त येतं.

रक्त पडायचं थांबलं तरी ही सूज आत राहू शकते, म्हणून तर डॉक्टर मलातलं कॅलप्रोटेक्टिन हे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन तपासायला सांगतात. मेसालामाइन हे या आजारावरचं नेहमीचं औषध तो शांत ठेवण्यासाठी दीर्घकाळ घ्यायचं असतं. ते मनानं सोडलं की आजार उलटण्याची शक्यता वाढते आणि मग अनेकदा स्टेरॉइड घ्यावं लागतं. स्टेरॉइड हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं. गोळीला घाबरून माणूस याच्या तावडीत सापडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

किडनीची भीती अगदीच निराधार नाही. मेसालामाइनमुळे क्वचित मूत्रपिंडाला इजा होते, त्यासाठी अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनीचं काम कळतं. ॲझाथायोप्रिन या रोगप्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, तेव्हा रक्ततपासणी चुकवू नये. इन्फ्लिक्सिमॅब या तशाच कामाच्या इंजेक्शनमुळे शरीरात दबून असलेला क्षय डोकं वर काढू शकतो, म्हणून पहिल्या डोसाआधीच त्याची तपासणी होते. धोका आहे तिथे तपासणी ठरलेली आहे. उलट अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं आजार भडकू शकतो, त्याचा संदेशात उल्लेखही नाही.

कुडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आवेवर देतात. पण आव जंतूंमुळे होते, हा आजार तसा नाही. सोलकढी सोसत असेल तर खुशाल प्या, गोळीच्या बदल्यात मात्र नको.

आजार गुदाशयाच्या वर पसरलेला असेल तर काही वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लक्षणं सुरू होऊन 8 वर्षं झाली की काही त्रास नसला तरी ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, करावीच लागते. आणि दिवसाला 6 किंवा जास्त वेळा रक्त पडत असेल, सोबत ताप किंवा धडधड असेल, तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जा.