आजोबा खलनायक नाहीत हो!

'व्हेल रायडर' या न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबावरच्या सिनेमाबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण मुलगी म्हणून नात पाईला टोळीची वारस मानत नाहीत एवढ्यावरून कोरो आजोबांना सरळ खलनायक ठरवलंत ते काही पटलं नाही. सायकलच्या दांडीवर बसवून नातीला शाळेतून आणणारा माणूस तो! बोटीच्या इंजिनाच्या दोरीचा प्रसंग आठवा. दोरीचे पीळ दाखवत ते पाईला सांगतात, हे आपले पूर्वज, एकमेकांत गुंफलेले. ओढायला जातात तर दोरी तुटते. ते दुसरी आणायला जातात, तोवर पोरगी तीच सांधून इंजिन सुरू करते. आणि शाबासकी? पुन्हा असं करायचं नाही, धोक्याचं आहे! सगळा सिनेमा त्या एका दोरीत आहे.

आजीबद्दल मात्र तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. घरात खरं राज्य तिचंच.

शाळेतलं पाईचं भाषण, समोर आजोबांची रिकामी खुर्ची... तिथे मी दरवेळी रडते. पाई साकारणाऱ्या केशा कॅसल-ह्यूजला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा ती जेमतेम 13 वर्षांची होती. मूळ कादंबरी विटी इहिमाएरा यांची, 1987 सालची. तीही जरूर वाचा. आणि चित्रीकरण कथेतल्याच व्हांगारा गावात झालंय, म्हणून तो समुद्र इतका खरा वाटतो.