वरून मोकळं दिसतं म्हणजे मोकळं असतं का?

आज दुपारी आमच्या कोळीवाड्याच्या ग्रुपवर नव्या मोजणीच्या नकाशाचा फोटो आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. ड्रोनने केलेली मोजणी. घरं, गल्ल्या, देऊळ, धक्का, सगळं आहे. आणि आळीच्या टोकाला, जिथे माझी आई लग्न होऊन आल्यापासून बोंबील वाळवते, तिथे लिहिलंय 'मोकळी जागा'.

मोकळी? दिवाळीनंतर या. वलांडीच्या, म्हणजे बांबूंना बांधलेल्या वाळवणाच्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात. वाकल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. ड्रोन उडवला जूनमध्ये. १ जूनपासून मासेमारी बंद, बांबू काढलेले, दोऱ्या गुंडाळून माळ्यावर. वरून मातीच दिसणार.

आईने त्या मोजणीवाल्या मुलाला तेव्हाच सांगितलं होतं, "बाळा, ही आमची वाळवणाची जागा, लिहून घे." तो म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्यात सगळं येतं."

नाही येत! आमच्या गल्लीत समोरासमोरचे पत्रे एकमेकांना टेकलेत. वरून एक छप्पर, खाली चार चुली. कॅमेऱ्याला पत्र्याची कड दिसते, भिंत नाही. धारावीत २०२४ मध्ये पुनर्विकासासाठी सर्वेक्षण सुरू झालं, तिथे ड्रोन होते, लायडार म्हणजे लेझरने मोजणारं यंत्र होतं, तरी माणसांना दारोदार फिरावंच लागलं. घर तळमजल्यावर की वर, १ जानेवारी २००० च्या आधीचं की नंतरचं, यावर कुटुंब धारावीत राहणार की बाहेर जाणार हे ठरतं. ते आकाशातून कसं कळणार?

ड्रोन अचूक मोजतो, मान्य. मोजणीदाराची वाट बघण्यात लोकांची वर्षं गेली, तेही खरं. पण मग नीट करा ना. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली, गावठाणांच्या ड्रोन मोजणीची. तिथे ड्रोन उडवण्याआधी गावकऱ्यांसमोर घराघराच्या हद्दीवर चुना मारतात. मग नकाशा लोकांना दाखवतात, हरकती घेतात, आणि त्यानंतर सनद, म्हणजे घराच्या मालकीचा कागद. ती योजना ग्रामीण भागासाठी, मुंबईतल्या गावठाणांना आणि कोळीवाड्यांना नाही. का? आम्ही शहराच्या आधीपासून इथे आहोत. आमच्या सीमांकनाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय आणि चुन्याची एक रेघसुद्धा आमच्या वाट्याला येऊ नये?

मुंबईत कागदावर मोकळी लिहिलेली जागा किती दिवस मोकळी राहते, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या मुलावर राग नाही माझा. माझ्या भाच्याच्या वयाचा होता, उन्हात घामाघूम झालेला, आईनेच त्याला पाणी दिलं. त्याला जेवढं काम नेमून दिलं तेवढं त्याने केलं. वहिवाट विचारायचा रकानाच त्याच्या फॉर्मवर नसेल तर तो काय लिहिणार? तो रकाना घालायला हवा होता वरच्यांनी.

आईला अजून नकाशा दाखवलेला नाही. रात्री जेवण झाल्यावर दाखवेन.

हरकतीचा अर्ज मी लिहितेय. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, होड्यांचे परवाने, वाळवणाचे जुने फोटो, ज्याच्याकडे जे असेल ते मला पाठवा. लग्नाच्या अल्बममध्ये मागे वलांडी दिसत असेल तर तोही फोटो चालेल. रविवारी सकाळी नकाशा हातात घेऊन आळीआळीतून फिरू. घरातल्या म्हाताऱ्यांना बरोबर आणा, जुन्या हद्दी त्यांनाच माहीत आहेत.