पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं नाही, बरं का

जूनमध्ये आईला घेऊन जपानला गेलो होतो, बहीण टोकियोत निशी-कासाईला असते त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता, आणि जूनमध्ये तिकडे पावसाळा असतो म्हणून तिकीटही बरं मिळालं. दोन दिवस क्योटो. तिथे हिगाशियामा म्हणून डोंगराच्या कुशीतला देवळांचा भाग आहे, तिथली सकाळची गाईडेड वॉक मी बुक केली, माणशी दोन हजारांच्या वर रुपये, आणि बहिणीने फोनवरच झापलं की अरे गुगल मॅप आहे ना, चालायला कसले पैसे. मलाही मनातून तसंच वाटत होतं. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच लिहायचंय, थोडं लांबेल.

आधी कबुली देतो. गाईड या जमातीवर माझा राग आहे. लहानपणापासून ज्या ज्या लेण्यात, किल्ल्यावर, हेमाडपंती देवळात गाईड घेतलाय तिथे तिथे "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" हे ऐकलंय. त्याच्या खालोखाल म्हणजे "इथून भुयार निघतं ते थेट अमुक गावात". एका ठिकाणी मी विचारलं की कुणी बांधलं याचा शिलालेख वगैरे आहे का, तर तो म्हणाला साहेब तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या. तर असा मी. आणि आई माझ्या उलट, तिला भुयारं फार आवडतात.

सकाळी साडेआठला किओमिझु देवळाच्या चढाखाली जमलो, आम्ही दहा जण. गाईड म्हणजे सत्तरीच्या आसपासची बाई, पाच फूटही नसेल, पायात रबरी बूट, हातात पारदर्शक छत्री आणि गळ्यात अडकवलेली प्लॅस्टिकची फाईल. सुरुवातीलाच तिने फाईल उघडून दाखवली. काही पानांना निळं स्टिकर, काहींना पिवळं. निळं म्हणजे ज्याची नोंद आहे ते, पिवळं म्हणजे लोक सांगतात ते. "दोन्ही सांगेन, पण मिसळणार नाही," इतकंच बोलली आणि चढायला लागली. मी आईला मराठीत सांगितलं आणि पुढचे अडीच तास आईने माझं डोकं खाल्लं, प्रत्येक वाक्याला, "हे निळं का पिवळं?"

दारातच निओमोन, लाल मोठा दरवाजा, समोर दगडी सिंहांची जोडी. जपानमध्ये अशा जोडीत एकाचं तोंड उघडं आणि एकाचं मिटलेलं असतं, उघडं म्हणजे "अ" आणि मिटलेलं म्हणजे "हूं", दोन्ही मूळची संस्कृत अक्षरं. ती हे सांगत असताना आई सिंहांकडे बघत होती, म्हणाली, "अगं पण इथे दोघांचीही उघडीच आहेत की." मी भाषांतर करून सांगितलं तर ती बाई इतकी खूष झाली, म्हणे बरेच लोक फोटो काढून जातात, कुणाच्या लक्षात येत नाही. इथले दोघेही "आ" करून उभे आहेत. का? तर बुद्धाची शिकवण मोठ्याने सांगताहेत म्हणून. लगेच बोटाने फाईलवरचं पिवळं स्टिकर दाखवलं. तिथून पुढे तिने आईला "ओकासान" म्हणायला सुरुवात केली, म्हणजे आई, आणि आई तिला ताई म्हणायला लागली. बाकीचे आठ जण आमच्याकडे बघत होते.

किओमिझुची स्थापना 778 ची, म्हणजे क्योटो राजधानी झाली 794 ला, त्याच्याही आधीची. पण आपण ज्या लाकडी इमारतीत उभे राहतो ती 1633 ची, शोगुन म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएमित्सु, त्याने बांधून घेतलेली, कारण आधीची जळली होती. आणि छप्पर? ते 2020 मध्ये संपलेल्या कामातलं, हिनोकी नावाच्या झाडाच्या सालीचे थरावर थर, बांबूच्या खिळ्यांनी बसवलेले. साल जिवंत झाडाची सोलतात, झाड पाडत नाहीत, ती परत येते. परातीखाली झाकल्यासारखं अख्खं देऊळ मचाणात झाकलेलं होतं त्या वर्षांतला फोटोही तिच्याकडे होता. म्हणजे एकाच वास्तूला तीन वयं, आणि तिला तिन्ही सांगताना जराही ओशाळल्यासारखं नव्हतं. आपल्याकडे जुन्या देवळाला ऑइलपेंट फासतात आणि वर पुरातन असा बोर्ड लावतात, पण जाऊ दे तो वेगळा विषय आहे.

स्थापनेची गोष्टही सांगितली, कुणा भिक्षूला स्वप्न पडलं, मग साकानोउए नो तामुरामारो नावाचा सेनापती गरोदर बायकोसाठी हरीण मारायला इथे आला आणि भिक्षूने त्याला जीवहत्येबद्दल समजावलं, वगैरे. सेनापती खराखुरा होऊन गेलेला, निळा. हरणाची गोष्ट पिवळी. एकाच वाक्यात दोन रंग! मला हे फार आवडलं.

मुख्य देवळाच्या आधी एक झुइगु-दो म्हणून आहे, त्याच्याखाली तळघरासारखा मार्ग, पूर्ण काळोख. बूट पिशवीत घालायचे, भिंतीला मोठ्या लाकडी मण्यांची माळ आहे ती धरून चालत जायचं. काळोख म्हणजे कसा, तर लाइट गेल्यावर असतो तसा नाही, डोळे उघडे का मिटलेले ते कळत नाही असा. माझ्यापुढे आई, तिची रामरक्षा सुरू झाली आणि तिच्यापुढचा जर्मन का कोण होता तो थांबलाच, त्याला वाटलं हा तिथल्या विधीचाच भाग आहे. मध्ये एका गोल दगडावर जरासा उजेड आणि त्याच्यावर कोरलेलं एक अक्षर. संस्कृत बीजाक्षर, महाप्रतिसरा या देवतेचं. दगड फिरवून इच्छा मागायची. आईने काय मागितलं ते सांगत नाहीये अजून.

आता ते प्रसिद्ध व्यासपीठ, दरीवर आलेलं, तेरा मीटर उंच. वरून फोटो सगळेच काढतात, तिने आम्हाला खाली नेऊन खांब दाखवले. एकेक खांब झेलकोव्हाच्या झाडाचा, दोघांनी कवेत घ्यावा एवढा, आणि आडव्या तुळया त्यातून आरपार घातलेल्या, खिळा नाही, खाचेत पाचर ठोकलेली. तुळईचं टोक जिथे खांबाबाहेर येतं तिथे पावसाचं पाणी मुरू नये म्हणून वर तिरकी छोटीशी फळी, एवढंसं छप्पर. पाऊस पडतच होता, त्या फळीवरून थेंब ओळीने ओघळत होते आणि तुळई कोरडी. मी पाच मिनिटं तेच बघत उभा होतो. पुढच्या डागडुजीला लाकूड लागेल म्हणून देवळाने आत्ताच झाडं लावून ठेवलीत, जी वापरायला येईपर्यंत आज हयात असलेलं कुणी नसेल.

या व्यासपीठावरून लोक उड्या मारायचे, नवस म्हणून, वाचलो तर इच्छा पूर्ण होणार. मला वाटलं हे पिवळंच असणार, तर नाही, निळं. देवळाच्या एदो काळातल्या, म्हणजे शोगुनांच्या राज्यातल्या, नोंदीत 234 उड्या आहेत आणि त्यातले 85 टक्क्यांच्या आसपास वाचले, खाली तेव्हा झाडी होती. 1872 मध्ये बंदी आली. जपानीत अजूनही मोठा निर्णय घेताना "किओमिझुच्या व्यासपीठावरून उडी मारली" म्हणतात. आई म्हणाली, "तू डोंबिवलीत फ्लॅट घेतलास तसं."

आणि मग खरा प्रसंग झाला. आईने विचारलं, "देव कुठाय?" कारण गाभाऱ्यात पेटी बंद. इथली मूळ मूर्ती म्हणजे कान्नोन, आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, अकरा मुखांचा, सहस्र हातांचा. ती 33 वर्षांतून एकदा उघडतात. मागची वेळ 2000, पुढची 2033. आईचा चेहरा पडला. एवढ्या लांब यायचं आणि दर्शन नाही? पंढरपूरला बारा तास रांगेत उभी राहिलेली बाई आहे ती, पण रांगेच्या शेवटी विठोबा असतो ना. गाईडताईने छत्री मिटली आणि नीट समजावलं की अवलोकितेश्वराची 33 रूपं सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथात सांगितलीत म्हणून 33 वर्षं, म्हणूनच या भागातली यात्रा 33 देवळांची आणि हे त्यातलं सोळावं. आईला अष्टविनायकासारखं काहीतरी असावं असं कळलं, पण समाधान झालं नाही. "2033 ला मी किती वर्षांची असेन," एवढंच म्हणाली.

तेव्हा ताईने मला सहज विचारलं, भारतात आहे का हो अकरा मुखांचा कान्नोन? आणि मी, ज्याला गाईड लोकांचा राग येतो तो मी, एका सेकंदात म्हणालो, नाही, आमच्याकडे नाही, तो प्रकार पुढे चीन-तिबेटकडे झाला असणार. एकदम कॉन्फिडन्समध्ये. तिने वहीत लिहून घेतलं.

पुढचं पटपट सांगतो. ओतोवाच्या तीन धारा, लांब दांड्याच्या पळीने पाणी प्यायचं, रांग मोठी होती म्हणून सोडलं. मग सान्नेनझाका, दगडी पायऱ्यांचा उतार, इथे पडलं तर तीन वर्षांत मरतो म्हणतात (पिवळं, पण ओल्या पायऱ्यांवर सगळे एकदम हळू चालायला लागले). दोन्ही बाजूंना लाकडी घरं, 1976 मध्ये हा भाग संरक्षित झाला, विजेच्या तारा जमिनीखाली, पाट्या मंद रंगाच्या, स्टारबक्ससुद्धा जुन्या घरात कापडी पडदा लावून, आत ततामीवर, म्हणजे तिकडच्या गवती चटईवर, बसायचं. छान आहे, खोटं कशाला बोलू. पण किमोनो घातलेल्यातले निम्म्याहून जास्त माझ्यासारखेच पर्यटक, तासावर भाड्याने घेतलेले, आणि रस्त्यात मधोमध उभं राहून रील. ताई एरवी कुणाबद्दल वाकडं बोलली नाही, इथे मात्र म्हणाली की आम्हाला दवाखान्यात जायला बसमध्ये जागा मिळत नाही. पुढे गिओन या भागातल्या खासगी गल्ल्यांत तर 2024 पासून पर्यटकांना बंदी आहे, शिरलात तर 10,000 येन दंड असे बोर्डच लागलेत. आम्हीही त्या गर्दीतलेच होतो, ताईचं पोट त्याच गर्दीवर, तिला ते माहीत होतं आणि ती लपवत नव्हती.

वाटेत माणसाने ओढायच्या रिक्षा दिसल्या आणि आई म्हणाली माथेरान! रिक्षा हा शब्दच मुळात जपानी, जिनरिकिशा, माणसाच्या ताकदीची गाडी. निळं.

शेवट यासाका जिन्जाला, हे शिंतो म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं देऊळ. 869 मध्ये मोठी साथ आली, ती शमावी म्हणून देशातल्या प्रांतांइतके 66 भाले उभारून पूजा केली, तिथून गिओनची जत्रा सुरू झाली, अजून जुलैत होते. देव होता गोझु तेन्नो, बैलाच्या डोक्याचा, आणि गिओन हे नाव जेतवनाचं, श्रावस्तीचं, जिथे बुद्ध राहिला ते जेतवन. 1868 मध्ये सरकारने बौद्ध आणि शिंतो वेगळे केले तेव्हा देवळाचं गिओन हे नावच बदलून यासाका झालं. मी नेहमीप्रमाणे मनात "आपलंच आहे सगळं" म्हणायला लागलो होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "साथ आली म्हणून देव बसवला, मरीआईच की ही." हे मी ताईला सांगितलं, मरीआईचा गाडा, गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडतात ते. तिने आणखी दोन प्रश्न विचारले आणि सगळं वहीत उतरवलं. जाताना आईचे दोन्ही हात धरून वाकली. आईने पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली.

रात्री हॉटेलात झोप येईना म्हणून मोबाईलवर अकरा मुखांचा अवलोकितेश्वर टाकून बघितलं. पहिल्याच पानावर कान्हेरी. लेणं क्रमांक 41. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातलं कान्हेरी, जिथे मी शाळेच्या सहलीला गेलोय, कॉलेजात गेलोय, डबे खाल्लेत. उठून बसलो. आई जागीच होती, तिला दाखवलं. तिने चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे तू ताईला सांगितलंस ते पिवळंसुद्धा नव्हतं, थापच होती."

सकाळी ताईला ईमेल टाकला, माफी मागून. तासाभरात उत्तर, लेण्याचा फोटो मिळेल का.

परत आल्यावर पहिल्या रविवारी गेलो. पाऊस मजबूत, दगडावर शेवाळ, 41 नंबर वरच्या अंगाला आहे, आईला म्हणलं तू खाली बस तर ऐकेना, माझ्या खांद्याला धरून आली. आतल्या अंधारात मूर्ती आहे, चार हातांची, झिजलेली, आणि डोक्यावर चेहऱ्यांची उतरंड. आईने बोटाने हवेत मोजले, दोनदा मोजले. मग हात जोडले, बराच वेळ उभी होती. मी मोबाईलचा टॉर्च लावून फोटो काढला, थोडा हललाय, पण चेहरे मोजता येतात. त्याच संध्याकाळी पाठवला, सब्जेक्टमध्ये लिहिलं, निळ्या स्टिकरसाठी.