‘रक्ताचा रिपोर्ट दाखवा, मग आजार मानू’ : दिंडोरीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

नैराश्यावरील लेखावर आपण लिहिले आहे की, द्राक्षबागेत काही बिघडले तर देठ परीक्षणाच्या (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांच्या तपासणीच्या) कागदावर ते दिसते. नैराश्य खरोखर शरीराचा आजार असेल तर त्याचा रिपोर्ट दाखवा, नाहीतर तो मनाचा कमकुवतपणा आहे हे मान्य करा. आपल्या धाकट्या भावाचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही तो दोन महिने बागेकडे फिरकलेला नाही, हेही आपण लिहिले आहे. मी नाशकात रक्ततपासणीचेच काम करतो, त्यामुळे रिपोर्टवरचा आपला विश्वास मला समजतो. आपला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

रक्तात काहीच सापडत नाही असे नाही. शरीरात दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे संसर्ग किंवा इजेला प्रतिकारयंत्रणेने दिलेला प्रतिसाद) असला की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन अधिक तयार करते, आणि नैराश्याच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात ते लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर आढळते. याचा अर्थ उरलेल्या बहुसंख्य रुग्णांत ते तेवढे वाढलेले नसते. उलट लठ्ठपणा, हिरड्यांचा आजार किंवा साधा संसर्ग असलेल्या, पण मनाने पूर्ण स्वस्थ माणसात ते वाढलेले असू शकते. अशा आकड्यावरून मी कोणाच्याही रिपोर्टवर ‘नैराश्य आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहू शकत नाही.

तरीही ‘कमकुवतपणा’ या शब्दाला सर्वांत ठाम उत्तर दाहाच्या अभ्यासातूनच मिळाले आहे. हेपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार झालेल्यांना पूर्वी इंटरफेरॉन अल्फा हे औषध देत असत, जे शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतवते. ते सुरू केल्यावर काही आठवड्यांत अनेकांना खरेखुरे नैराश्य येई, आणि त्यांत पूर्वी कधीही खचून न गेलेली माणसेही असत. दाहामुळे एक विकर (एन्झाइम) सक्रिय होते आणि अन्नातील ज्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन बनते, ते कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्याच पदार्थाच्या वाटेने वळवले जाते, हा त्यामागचा एक दुवा मानला जातो. त्या माणसांचा स्वभाव बदलला नव्हता, त्यांच्या शरीरात औषध गेले होते.

एका निर्णायक चाचणीचा शोध जुना आहे. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरॉल आणि सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्यासाठी डेक्सामेथासोन चाचणी मांडली. रात्री डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी घेतल्यावर निरोगी माणसाचे कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक दुसऱ्या दिवशी खाली राहते, अशा रुग्णांत पुष्कळदा राहत नाही. पुढे स्मृतिभ्रंशात, दारू सोडतानाच्या काळात आणि झपाट्याने वजन घटलेल्यांतही तोच निकाल येऊ लागला, शिवाय कित्येक रुग्णांत ती चाचणी नॉर्मलच आली, आणि निदानाची चाचणी म्हणून ती मागे पडली.

आता आपल्याच बागेचे पाहू. देठात जस्त कमी आले म्हणजे जमिनीत चुनखडी जास्त आहे की मुळ्यांना सूत्रकृमी लागले आहेत, हे कागद सांगत नाही. त्यासाठी बागेत उतरावे लागते. तरी देठ निदान त्या वेलीचेच असते. दंडातून काढलेले रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये मात्र एक कडक चाळणी आहे, त्यामुळे मेंदूत चाललेले सगळे काही नळीत उतरत नाही. अर्धशिशीचे निदानही रक्तावरून होत नाही, पण त्या वेदनेला आपण कोणी नाटक म्हणत नाही.

नैराश्याच्या रुग्णाचे रक्त आम्ही तपासतो ते वेगळ्या कारणासाठी. थायरॉइड मंदावणे, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता यांतही असाच थकवा आणि उदासी येते, आणि त्यांचा उपचार निराळा आहे. भावाचे हे रिपोर्ट नॉर्मल असतील तर त्यातून एवढेच कळते की कारण तिथे नाही.

म्हणून आग्रहाने लिहितो, त्यांना आळशी म्हणणे आजपासून थांबवा. झोप, भूक, कामातील रस आणि जगण्याविषयीचे त्यांचे बोलणे यांकडे लक्ष द्या, आणि तेच रिपोर्ट घेऊन त्यांच्यासह मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा झाल्याचे ते बोलत असतील तर त्यांना एकटे सोडू नका व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.