पीडीएफ कोणी पाठवली, हे कोणाला कळावे?

छत्रपती संभाजीनगरात स्पर्धा परीक्षांची पुस्तके काढणारा माझा एक वर्गमित्र आहे. त्याचे नवे पुस्तक औरंगपुऱ्यातील दुकानांत नीट मांडले जाण्याआधीच त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागते. त्याने मला त्यातली काही पाने पाठवली. पान धरणाऱ्याचा अंगठा कडेला दिसत होता आणि मजकुरावर आडवा शिक्का होता तो प्रकाशनाचा नव्हे, तर त्या चॅनेलचा. मित्राचे म्हणणे सरळ आहे : ज्यांनी ही फाइल पाठवली आणि ज्यांनी उतरवून घेतली, त्या सर्वांची नावे कंपन्यांनी द्यावीत. ‘एकदा दहा जणांची नावं पेपरात येऊ दे, बघ कसं थांबतंय,’ असे तो म्हणतो. समोरच्या बाजूला अभ्यासिकांतील मुले आहेत. पुस्तक महाग आहे, ज्ञान सर्वांचे आहे आणि आम्ही फोनवर काय वाचतो हे कोणी पाहू नये, असे त्यांचे तीन वेगवेगळे मुद्दे एकाच दमात येतात.

मित्राची तक्रार मला पूर्ण मान्य आहे, पण त्याने सुचवलेला उपाय मान्य नाही. मी राहतो त्या जर्मनीत तो उपाय बरीच वर्षे अमलात आहे आणि त्याचे परिणाम मी जवळून पाहतो आहे.

येथे टॉरेंटवरून, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांतून फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीने, चित्रपट उतरवला, तर काही आठवड्यांनी घरी वकिलाचे पत्र येऊ शकते. त्याला येथे ‘अबमानुंग’ म्हणतात. परभणीकडचा एक विद्यार्थी तीन मुलांसोबत सामायिक घरात राहत होता. इंटरनेटची जोडणी त्याच्या नावावर होती, म्हणून पत्र त्याला आले. त्यात एक तक्ता होता : दिनांक, सेकंदापर्यंतची वेळ, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), फाइलचे नाव. खाली काही शे युरोंची मागणी, पुन्हा असे करणार नाही अशा हमीचा मसुदा, आणि सहीसाठी जेमतेम आठवड्याची मुदत. चित्रपट त्याने पाहिलेलाच नव्हता. मात्र कोणी पाहिला हे सांगायचे, तर ज्याच्यासोबत रोज एका ओट्यावर स्वयंपाक करायचा त्याचेच नाव द्यावे लागणार होते.

यामागची रीत अशी. हक्कधारकांसाठी काम करणारी कंपनी टॉरेंटच्या घोळक्यात शिरून आयपी पत्ते टिपते. २००८च्या दुरुस्तीनंतर जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम १०१ खाली न्यायालयाची परवानगी घेऊन दूरसंचार कंपनीकडून त्या पत्त्यांमागची नावे मिळवता येतात. परवानगी न्यायाधीशाची लागते, ही गोष्ट कागदावर भक्कम वाटते. परंतु अर्ज गठ्ठ्याने येऊ लागले की प्रत्येक अर्ज किती बारकाईने वाचला जातो, हे २०१३च्या डिसेंबरात दिसले. एका प्रौढांच्या संकेतस्थळावर चित्रफिती केवळ पाहणाऱ्या हजारो लोकांना पत्रे गेली. अर्जातील मोघम शब्दांमुळे हे फाइल वाटपाचेच प्रकरण आहे असे समजून कोलोनच्या न्यायालयाने नावे देण्यास मंजुरी दिली होती. चूक पुढे मान्य झाली, पण तोवर पत्रे घराघरांत पोहोचली होती, आणि अशा विषयाचे पत्र पती, पत्नी किंवा सासूने आधी उघडले तर काय होते, ते सांगायला नको.

जर्मन व्यवस्थेने नंतर हा गाडा थोडा आवरला. २०१३च्या कायद्याने खासगी व्यक्तीला गेलेल्या पहिल्या पत्राचा वकिली खर्च दाव्याची किंमत १,००० युरो धरूनच मोजावा, असे ठरले. आपले वाय-फाय पासवर्डविना उघडे ठेवणाऱ्यावर, त्यावरून दुसऱ्याने केलेल्या फाइल वाटपाची जबाबदारी २०१०च्या एका निकालाने टाकली होती. २०१७च्या कायद्याने ती बरीचशी काढून घेतली. मात्र त्याच २०१७ साली सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आणखी एक निकाल दिला : तीन मुलांपैकी कोणी गाणी वाटली हे आईवडिलांना माहीत असेल आणि ते नाव सांगत नसतील, तर भरपाई त्यांनीच भरावी. मला हा निकाल तर्काने पटतो आणि मनाने पटत नाही.

पण याच देशाने फार पूर्वी वेगळे उत्तर दिले होते, आणि आपल्याकडच्या चर्चेत ते मला कधी दिसले नाही. घरोघरी टेप रेकॉर्डर येऊ लागले तेव्हा संगीतकारांच्या ‘गेमा’ या संस्थेची मागणी होती की यंत्र विकत घेणाऱ्याच्या ओळखपत्राचा तपशील विक्रेत्यांनी तिला कळवावा. माझ्या मित्राची मागणी यापेक्षा फार वेगळी नाही. १९६४ साली न्यायालयाने ती फेटाळली, कारण कोण घरात काय ध्वनिमुद्रित करतो हे तपासायचे तर घराच्या उंबरठ्याच्या आत शिरावे लागेल. पुढच्याच वर्षी, १९६५च्या कायद्याने, यंत्राच्या उत्पादकाकडून शुल्क घेऊन ते कलावंतांना वाटण्याची पद्धत सुरू झाली. कलावंताला पैसे मिळाले आणि ग्राहकाचे नाव कोणालाही कळले नाही. आज फोन, संगणक, कॉपी काढण्याची यंत्रे अशा वस्तूंवर तेच शुल्क आहे.

आता मराठवाड्याकडे येऊ. जर्मनीतील ते पत्र जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला जाते. आपल्याकडे लातूरच्या ट्युशन एरियात शिकणाऱ्या मुलाच्या फोनमधील सिम बहुधा वडिलांच्या किंवा मामाच्या नावावर असते, खोलीवरची चार मुले एकाच हॉटस्पॉटवर असतात, आणि अभ्यासिकेचा वाय-फाय पासवर्ड तर भिंतीवरच लिहिलेला असतो. शिवाय मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता एका वेळी कित्येक ग्राहकांत वाटलेला असतो. पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरील एकेका जोडणीचा उपक्रमांक) आणि अचूक वेळ यांच्याशिवाय त्यावरून माणूस ओळखता येत नाही. अशा स्थितीत नोटीस निघालीच, तर ती जिंतूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या हाती पडेल, आणि तो आधी तलाठ्याकडे जाईल आणि मग ओळखीच्या वकिलाकडे.

हे केवळ कल्पनेतले भय नाही. जर्मनीत बऱ्याच कंपन्या आयपीची नोंद वर्षानुवर्षे साधारण आठवडाभरच ठेवत आल्या आहेत; भारतात डिसेंबर २०२१पासून दूरसंचार परवान्यानुसार अशा नोंदी दोन वर्षे ठेवाव्या लागतात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३मध्ये दंडासोबत सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली सांगितले, हे खरे. पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७मध्ये एक सूट आहे. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणे आवश्यक असेल, तर संमतीसह बहुतेक संरक्षणे लागू होत नाहीत. उधारी वसूल करणाऱ्या किंवा पोटगी मागणाऱ्या माणसासाठी ही सूट हवीच. मात्र फाइल उतरवणाऱ्यांच्या याद्या मागण्यासाठी कोणी तिचा आधार घेतला, तर त्या वाटेवर आज ठळक अडसर मला दिसत नाही.

मग माझ्या मित्राने काय करावे? नीतू सिंह या शिक्षिकेच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२मध्ये टेलिग्रामला आदेश दिला, की तिचे अभ्याससाहित्य परवानगीविना वाटणाऱ्या चॅनेलचालकांची माहिती द्यावी. सिंगापूरचा कायदा आणि ग्राहकांची गोपनीयता या सबबी न्यायालयाने मानल्या नाहीत आणि टेलिग्रामने माहिती बंद लिफाफ्यात दिली. हा आदेश मला योग्य वाटतो. दुसऱ्याच्या पुस्तकावर आपला शिक्का मारून वर्गणी गोळा करणारा माणूस वाचक नव्हे; तो दुकानदार आहे, आणि दुकानदाराने पाटीवर नाव लावावे. त्या चॅनेलवरून फाइल घेणाऱ्या मुलांची यादी मात्र कोणालाही मिळू नये. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नेमका हाच भेद केला होता : चोरीची प्रत पाहणे हा गुन्हा नाही, ती विकणे, भाड्याने देणे, जाहीर दाखवणे किंवा हक्कधारकाचे नुकसान होईल अशी वाटणे हा आहे. टॉरेंटमध्ये घेणारा आपोआप देणाराही होतो, आणि जर्मन वकिलांचा सारा डोलारा या एका तांत्रिक गोष्टीवर उभा आहे, म्हणून तो भेद आपल्या कायद्यात स्पष्ट लिहिला गेला पाहिजे.

संकेतस्थळे बंद करण्याचा आपल्याकडचा प्रघातही निर्दोष नाही. २०१७ साली चित्रपट निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडून मिळवलेल्या आदेशात हजारो संकेतस्थळांच्या रांगेत इंटरनेट अर्काइव्हसारखे ग्रंथभांडारही बंद झाले. तरीही बंद झालेले संकेतस्थळ पुन्हा उघडता येते. एकदा वकिलाच्या तक्त्यात गेलेले नाव परत घेता येत नाही. त्यामुळे या दोनांत मी संकेतस्थळबंदीच पत्करेन, पण पटेल यांनी सांगितल्याप्रमाणे बंदीच्या पानावर आदेशाचा तपशील आणि दाद कोठे मागायची हे असले पाहिजे.

जर्मनीसारखे शुल्क आपल्याकडेही असावे, हे मित्राला सुचवले तेव्हा तो हसला. फोनवर लावलेल्या शुल्काचा रुपया दिल्लीहून संभाजीनगरातील प्रकाशकापर्यंत पोहोचेल, यावर त्याचा विश्वास नाही. या शंकेला आधार आहे. जर्मनीतही लेखकांचे शुल्क वाटणाऱ्या ‘फाउ गे वोर्ट’ या संस्थेने त्यातला ठरावीक वाटा सरसकट प्रकाशकांना देणे बेकायदा आहे, असा निकाल २०१६ साली लागला आणि प्रकाशकांना घेतलेले पैसे परत करावे लागले. तो वाद बरीच वर्षे चालला, दोन्ही बाजूंनी कटुता आली, आणि शेवटी पुन्हा कायदा बदलावा लागला. मात्र त्या सगळ्या भांडणात कोणत्याही वाचकाच्या घरी पत्र गेले नाही.